दुखरा जबडा आणि आपला घास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, चहा केला, हळदीकुंकवाची तबके फिरवली. परंतु या मेजामागे उभे राहण्याचा प्रसंग आजच आला आहे. पंधरा दिवसांपूर्वी चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या जबड्याच्या दुखण्यावर चार शब्द बोला." मी म्हटले, "अहो, त्याच्यावर काय बोलायचे? बोलायचे तर वक्तृत्व पाहिजे." त्या म्हणाल्या, "वक्तृत्व राहू द्या. तुमच्यावर जे गुदरले ते सांगा." म्हणून उभी राहिले आहे. नमनालाच घडाभर तेल घालत नाही. माझे बोलणे ओबडधोबड असेल, ते गोड मानून घ्यावे.

तीन वर्षांमागची गोष्ट. दिवाळी झाली आणि सकाळी उठल्यावर माझा उजवा कान ठणकू लागला. मला वाटले, गार वारा लागला असेल. लसूण घालून तेल कोमट केले आणि कानात सोडले. असे करू नये हे मला पुढे कळले. कानाच्या पडद्याला भोक असेल तर तेलाने अपाय होतो. तेलाने गुण आला नाही. मग कानशिले दुखू लागली. जांभई देताना कानापाशी कट्ट असा आवाज होई. संक्रांतीला या मंडळाच्या हळदीकुंकवात आपण मला तिळगूळ दिलात. मी तो तोंडात न टाकता पदराच्या टोकाला बांधला. एकजण म्हणाली, "घरी नेऊन कोणाला देणार आहात?" सगळ्या हसल्या, मीही हसले. खरे असे होते की, तो चावण्याची माझ्यात ताकदच नव्हती.

कानाच्या डॉक्टरांनी कान तपासून सांगितले की कान स्वच्छ आहे. मग मी दातांच्या एका दवाखान्यात गेले. तिथे उजव्या बाजूची एक दाढ काढली. दाढ गेली, पैसे गेले, दुखणे मात्र जिथल्या तिथे राहिले. कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. मीच बोट दाढेवर ठेवून "इथे दुखते" म्हणाले होते. पण जबड्याच्या सांध्याचे दुखणे कानात, दाढेत, कपाळात, मानेत असे फिरते, आणि आपल्याला वाटते की दुखते तिथेच खोड आहे. म्हणून दात काढण्यापूर्वी "दाताचा फोटो काढून खात्री करता का?" एवढे विचारायला आपण लाजू नये.

शेवटी आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींच्या सांगण्यावरून मी सरकारी दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. आपल्या मुंबईत ते आहे, नागपूरला आहे, छत्रपती संभाजीनगरलाही आहे. तिथे रांग असते, अर्धा दिवस मोडतो. पण तपासतात नीट. माझ्या मुलीच्या वयाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटे ठेवली आणि तोंड उघडा-मिटायला सांगितले. गालाचे स्नायू दाबून पाहिले, कानशिले दाबून पाहिली. मी कळवळले. त्या म्हणाल्या, "मावशी, रात्री दात खाता का?" मी म्हटले, "छे, कधीच नाही." बरोबर माझी मुलगी होती. ती म्हणाली, "आई, रोज खातेस. मला जाग येते. करकर आवाज येतो."

भगिनींनो, मला त्या वेळी फार लाजल्यासारखे झाले. मग डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारले, "घरी काही काळजी आहे का?"

काळजी होती. आमच्या ह्यांनी एका मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. मित्राने हप्ते थकवले आणि पतपेढीची नोटीस आमच्या दारी आली. ही गोष्ट मी वर्षभर कोणालाच सांगितली नव्हती; सासूबाईंना नाही, माहेरी नाही, तुम्हालाही नाही. आपल्या चाळीच्या एका खोलीत रडायलासुद्धा कोपरा नसतो. मग मी काय करीत असे? दात आवळून काम करीत असे. पोळ्या लाटताना दात आवळलेले, नळावर दात आवळलेले, हिशेब करताना दात आवळलेले. दिवसा आवळायची सवय लागली ती रात्रीही सुटेना. "तोंड दाबून बुक्क्यांचा मार" म्हणतात, तो माझा जबडा दिवसरात्र खात होता.

हा सांधा म्हणजे काय हे मला तिथे समजले, ते सांगते. आपण सगळ्याजणींनी आत्ता एक करावे. दोन्ही हातांची बोटे कानांच्या किंचित पुढे ठेवावी आणि तोंड हळूच उघडावे, मिटावे. बोटांखाली काही हलते ना? तोच तो सांधा. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कवटीला तिथे जोडलेला आहे. तो दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरत नाही. तोंड मोठे उघडले की थोडा पुढेही सरकतो. हाडाला हाड घासू नये म्हणून मध्ये एक लहानशी मऊ चकती असते. ती जागेवरून जराशी सरकली की कट्ट आवाज होतो. नुसता आवाज होत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर भिण्याचे कारण नाही. पुष्कळांचा जबडा वाजतो. दुखू लागले किंवा अडकू लागले तर मात्र लक्ष घालावे.

दुखण्याची कारणे एक नाहीत. दात आवळणे, रात्री दात खाणे, कडक पदार्थ सतत चघळणे, मार लागणे, संधिवात, मनावरचा ताण, अशी अनेक आहेत. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळते. समाधानाची गोष्ट अशी की, बहुतेकींना शस्त्रक्रिया लागत नाही. सांध्याला विसावा दिला आणि सवयी सुधारल्या, तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो. मला सहा आठवड्यांत फरक पडला आणि पुरते बरे वाटायला पाच महिने लागले.

आता मी काय काय केले ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे दात सुटे ठेवणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, वरचे आणि खालचे दात फक्त खाताना आणि गिळताना एकमेकांना लागायचे. एरवी ओठ मिटलेले, दात सुटलेले आणि जीभ टाळूला टेकलेली." ऐकायला सोपे आहे, पण आठवण कोण करून देणार? मी एक युक्ती केली. घरात ठिकठिकाणी कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या. एक गॅसच्या शेगडीवरच्या भिंतीला, एक नळाजवळ, एक आरशाला, एक शिलाईच्या मशीनला. टिकली दिसली की दात सोडायचे. पहिल्या दिवशी जितक्या वेळा टिकली पाहिली, तितक्या वेळा माझे दात आवळलेलेच होते!

दुसरी गोष्ट शेकण्याची. स्वच्छ पंचा गरम पाण्यात बुडवून पिळावा, मनगटाला लावून पाहावा, सोसेल एवढाच गरम असावा. तो गालावर आणि कानापुढे पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दिवसातून दोन वेळा. मी सकाळी नळ जाण्यापूर्वी आणि रात्री भांडी झाल्यावर शेकत असे. ताजा मार किंवा लचक असेल तर पहिले एक-दोन दिवस मात्र गरम नको. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे लावावा. बर्फ उघडा कातडीवर ठेवू नये.

तिसरी गोष्ट व्यायामाची. जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला टेकवायचे आणि जीभ न सोडता तोंड हळूहळू जेवढे उघडेल तेवढेच उघडायचे. पाच-सहा वेळा करायचे, दिवसातून तीन-चारदा. दुखेपर्यंत ताणायचे नाही. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे तोंड भसकन उघडत नाही. पालथे झोपायचे नाही, गालाखाली हात घेऊन झोपायचे नाही. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून पोळ्या लाटायच्या नाहीत.

चौथी गोष्ट शिवणटिपण करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी. मी साड्यांना फॉल लावते. दोरा नेहमी दाताने तोडत असे. टाचण्या दातांत, केसांचे आकडे दातांत. हे सर्व बंद केले. मशीनला सुतळीने छोटी कात्री बांधून ठेवली.

पाचवी गोष्ट म्हणजे रात्री दातांवर बसवायची पट्टी. दातांचे माप घेऊन ती करून देतात. रात्री दात घासले तरी ते पट्टीवर घासतात, झिजत नाहीत. ती पट्टी डॉक्टरांनीच करून द्यावी, बाजारातली कसलीही घालू नये. वेदनेच्या गोळ्या त्यांनी मला फक्त थोडे दिवस दिल्या. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणून महिनोन् महिने खाणे वाईट. पोट आणि मूत्रपिंडे त्याने बिघडतात. आणि कोणी म्हणाले की "एक झटका देऊन जबडा बसवतो", तर त्याच्या हाती जबडा देऊ नका.

आता मुख्य प्रश्न खाण्याचा. मला सांगितले होते, "सहा आठवडे मऊ खा." ऐकून मी घरी आले आणि गप्प बसले. घरातल्या सगळ्यांसाठी रांधायचे, उरलेले आपण खायचे, ही आपली रीत. माझ्यासाठी म्हणून वेगळे भांडे चुलीवर चढवायचे, हे मला चोरी केल्यासारखे वाटू लागले. दोन दिवस मी चहात पाव बुडवून खाल्ला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारले, "अगो, जेवत का नाहीस?" मी सांगितले.

सासूबाईंचे वय त्र्याऐंशी. तोंडात दात म्हणावे तर चार. त्यांनी आपले ताट माझ्यापुढे सरकवले. त्यात तांदळाची भाकरी कढीत कुस्करून ठेवली होती. म्हणाल्या, "मी दहा वर्षे हेच खाते. तू कधी पाहिलेस?" भगिनींनो, मी रोज त्यांना ताट वाढत होते. पण त्या भाकरीचे काय करतात, हे मी खरेच कधी पाहिले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकत्र बसून, एकाच भांड्यातले मऊ जेवू लागलो. जे आता सांगणार आहे ते बहुतेक त्यांनीच शिकवलेले आहे.

सकाळी तांदळाची पेज किंवा नाचणीची आंबील. तांदळाच्या पिठाची ताकातली उकड, वर थोडे कच्चे तेल. मऊ उपमा, सांजा, घावन, आंबोळी, इडली. दुपारी मऊ भात, मेतकूट आणि तूप. मुगाच्या डाळीची सैलसर खिचडी. पिठले, कढी, वरण, आणि त्यात ताजी भाकरी कुस्करून. भाकरी शिळी नको, वातड होते. भोपळ्याचे, वांग्याचे भरीत. दुधी, पडवळ, लाल भोपळा मऊ शिजवून. पालेभाजी बारीक चिरून, डाळ घालून, पातळ. मासे खाणाऱ्यांना तर मऊ जेवणाची अडचणच नाही. ओले बोंबील तोंडात विरघळतात. सुके बोंबील मात्र तेवढे दिवस डब्यातच राहू द्यावे. मटणाऐवजी खिमा किंवा रस्सा. अंडे उकडून कुस्करून. गोडात शिकरण, खीर, आणि गणपतीत आपले उकडीचे मोदक.

एक सावधगिरी सांगते. मऊ म्हणजे नुसता भात नव्हे. पहिल्या पंधरवड्यात मी नुसती पेज आणि भात खाल्ला आणि मला चक्कर येऊ लागली. मऊ ताटातही डाळ, ताक, दही, अंडे किंवा मासा पाहिजेच. शेंगदाणे चावता येत नाहीत, तर त्यांचे बारीक कूट करून आमटीत घालावे. फळात केळे, पपई, चिकू; सफरचंद वाफवून. ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनी भात, खीर आणि शिकरण बेताने घ्यावे व डाळ-भाजी वाढवावी. उपवासाला साबुदाण्याची खिचडी चिवट होते, तिच्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी बरी.

काय वर्ज्य करावे? चिक्की, काटेरी हलवा, कडक चकली, काडबोळी, फुटाणे, खारीक, ऊस, भाजलेले कणीस, कच्चे गाजर, च्युइंगगम. पेरू, सफरचंद अख्खे धरून चावू नये, फोडी कराव्या. घास लहान घ्यावा, दोन्ही बाजूंनी चावावा, आणि सावकाश. कोणी घाई केली तर म्हणावे, "मला वेळ लागतो." मीही हे तीन शब्द म्हणायला शिकले.

आणि या जोडीला आणखी एक झाले. ज्या दिवशी सासूबाईंबरोबर जेवले, त्याच दिवशी जामीनकीचीही गोष्ट त्यांना सांगितली. त्या रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "वर्षभर एकटीने ओढलेस होय?" नंतर घरात बसून हिशेब झाला, पतपेढीत जाऊन हप्ते बांधून घेतले. कर्ज अजून फिटलेले नाही. पण ते आता माझ्या एकटीच्या जबड्यात नाही. मुलगी सांगते की रात्रीची करकर पुष्कळ कमी झाली आहे.

इथे भाषण संपले असते तर बरे झाले असते. परंतु ज्या कारणासाठी मी खरे म्हणजे उभी राहिले, ते पुढेच आहे.

मला बरे वाटले आणि मी वैद्य झाले! ज्या कोणाचा गाल दुखे, तिला मी शेक सांगू लागले. गेल्या वर्षी गावाहून आमच्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. तोंड पुरते उघडत नाही, घास मोठा जात नाही. मी म्हटले, "वहिनी, हे माझेच दुखणे. काही घाबरू नका. शेका, मऊ खा, ताण घेऊ नका." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पाच महिने त्यांनी शेकले. पाच महिने पेज खाल्ली.

गणपतीला मी गावी गेले. त्या मोदक हाताने कुस्करून, बोटाने आत सारत होत्या. तिखटाचा कण लागला की तोंडाची आग होत होती. मी त्यांना म्हटले, "तोंड उघडा पाहू." दोन बोटेसुद्धा उभी जाईनात. गालाच्या आतली कातडी पांढरट आणि दोरीसारखी ताठ झालेली. आमच्या वाडीत पोफळी आहेत. जाऊबाईंना लग्न झाल्यापासून सुपारीची सवय. कातरायची, गालात धरायची, रात्री झोपतानाही धरायची. तंबाखू त्यांनी कधी खाल्ली नाही. म्हणून कोणालाच शंका आली नाही.

मी त्यांना मुंबईला घेऊन आले आणि त्याच रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी सांगितले की हा सांध्याचा आजार नव्हे. सुपारीने तोंडातली आतली कातडी कठीण होत जाते, तिचे पट्टे बनतात आणि तोंड मिटत जाते. हा आजार पुढे कर्करोगाच्या वाटेने जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2004 साली जाहीर केले आहे की, तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते. आपल्या सरकारने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली हे आपण सर्वजणी जाणतो. पण आपल्या तबकातली सुपारी आपल्याला कधी गुटख्याची बहीण वाटली नाही.

जाऊबाईंची सुपारी त्या दिवशी सुटली. गालात सुया घेतल्या, तोंड उघडण्याचे व्यायाम चालू आहेत. दर काही महिन्यांनी तपासणी होते. आजपर्यंत तपासणीत कर्करोग निघालेला नाही. आता तोंड थोडे अधिक उघडते, पण पहिल्यासारखे उघडणार नाही असे डॉक्टर म्हणाले. जाऊबाई मला कधी काही बोलल्या नाहीत. परंतु त्यांचे पाच महिने माझ्या शहाणपणाने गेले, हे मला माहीत आहे. आज हे दुखणे एवढ्या लोकांपुढे सांगण्याचे धाडस केले ते त्यासाठी. माझ्या भाषणातला शेक आणि पेज तेवढी घरी नेऊ नका. पुढचेही घेऊन जा.

आता पुन्हा एक करून पाहू या. आपल्या उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी तीन बोटे जुळवा, हात आडवा वळवून ती एकावर एक अशी पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का पाहा. लाजू नका, सगळ्या बायकाच आहोत. तीन बोटे गेली तर उत्तम. जात नसतील, तर घरी जाऊन शेकत बसू नका. आठवडाभरात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. सुपारी, तंबाखू किंवा मिश्री लावणारीने तर एक दिवसही लांबवू नये.

आणखी काही खुणा लक्षात ठेवाव्या. जबड्याबरोबर छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम, श्वास लागणे असे झाले तर तो जबडा नव्हे, ते हृदय असू शकते; तडक मोठ्या रुग्णालयात जावे. बायकांत हृदयाचे दुखणे कधी कधी नुसते जबड्यात, मानेत किंवा पाठीत जाणवते. गाल सुजून ताप आला, गिळता येईना, तर दाढेत पू झालेला असू शकतो. जखम झाल्यावर काही दिवसांनी दातखीळ बसू लागली तर धनुर्वाताची शंका घ्यावी. पन्नाशी उलटलेल्या बाईचे चावताना जबडे भरून येऊ लागले, कानशील दुखू लागले आणि नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, नाही तर दृष्टी जाण्याची भीती असते. तोंड उघडे राहून मिटेनासे झाले तरी तसेच. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर दाखवावा.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. देवापुढची सुपारी देवाची आहे. ती गणपती म्हणून मांडतो, तिच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण हळदीकुंकवाच्या तबकात, बैठकीनंतरच्या विड्यात जी कातरलेली सुपारी आपण खायला देतो, ती येत्या संक्रांतीपासून बंद करावी. तिच्या जागी बडीशेप ठेवावी. बडीशेप भाजून आणण्याचे काम मी स्वतः करीन. आणि वर्षातून एक दिवस आपण मिळून दंत रुग्णालयात जावे. एकटीने जायला भीती वाटते, दहाजणी गेल्या तर सहलच होते. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. वही आणली आहे. पहिले नाव मी माझ्या सासूबाईंचे घातले आहे. त्या म्हणतात, चार दात आहेत, तेही कोणीतरी पाहावे!

 काही चुकले असल्यास क्षमा करावी. आणि जाता जाता एवढेच, की आत्ता ऐकताना कोणाचे दात आवळले गेले असतील, तर ते सोडावे.